फेब्रुवारीत त्या घरात कोण राहणार?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पुण्याच्या एका भगिनींनी लिहिलं आहे. त्यांचं वय 56, यजमानांचं 60. यजमानांनी गेल्या वर्षी नोकरी सोडली. मुलगी ल्यों शहरात नोकरीला, मुलगा टोरंटोत. मागच्या उन्हाळ्यात मुलीकडे गेले असताना दोघांनी मध्य फ्रान्सच्या क्रॉझ जिल्ह्यात एक जुनं घर पाहिलं. 1870च्या सुमाराचं, दगडी, स्लेटच्या छपराचं, कोपऱ्यावर एक बुरूज. चौदा खोल्या, मागे चार हेक्टर जमीन, किंमत 2,95,000 युरो. 'आपला एरंडवण्याचा फ्लॅट विकला तरी याहून जास्त येतील,' हे यजमानांचं म्हणणं. पाच खोल्या पाहुण्यांना द्यायच्या, उरलेल्यांत आपण राहायचं, सुट्टीत मुलंबाळं जमतील, असा त्यांचा बेत आहे. घर सरकारच्या ऐतिहासिक स्मारकांच्या यादीत असल्यानं दुरुस्तीला मदत मिळेल, असं एजंटनं सांगितलं आहे. महिनाअखेर करारावर सही हवी आहे. भगिनी लिहितात: "ह्यांच्या आजोबांचा वाईजवळ दोन चौकी वाडा होता. पाच भावांत वाटण्या झाल्या आणि शेवटी तो बिल्डरकडे गेला. तेव्हापासून हे कुठंही गेले की जुनी घरं बघत फिरतात. मला धास्ती वाटते, पण बोलले की 'तू नेहमी पाय मागे ओढतेस' हे ऐकावं लागतं. माझं चुकतंय का?"

प्रिय ताई,

पत्रातल्या चौदा खोल्या, बुरूज आणि युरो बाजूला ठेवून मी आधी वाईच्या वाड्याच्या त्या चार ओळी पुन्हा वाचल्या. त्या तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता लिहिल्या आहेत. मला वाटतं, खरं पत्र तिथंच आहे. तुम्ही क्रॉझमधल्या घराबद्दल बोलता, यजमान वाईच्या वाड्याबद्दल बोलतात, आणि दोघांनाही वाटतं की बोलणं एकाच घराबद्दल चाललंय. म्हणून ते पुढं सरकत नाही. तुमची धास्ती रास्त आहे आणि त्यांची ओढही खरी आहे. ज्यानं लहानपणी ओसरीवर झोपून चौकातलं आभाळ पाहिलंय, त्याला तो वाडा जमीनदोस्त झाल्यावर काय होतं, हे फ्लॅटच्या भावाशी तुलना करून मोजता येणार नाही. तेव्हा 'म्हातारपणी हे कसलं खूळ' असं कुणी म्हणालं, तर तुम्ही त्यात सूर मिसळू नका.

आता घराकडे वळते. नवऱ्याच्या कामामुळे मी पोआतिए शहराजवळच्या एका खेड्यात तीन हिवाळे काढले आहेत. क्रॉझ तिथून पूर्वेला, फार लांब नाही. त्यामुळे पुढचं थोडं अनुभवातून आणि थोडं कागदपत्रांतून लिहिते आहे.

'इतकं मोठं घर इतकं स्वस्त कसं?' हा प्रश्न तुम्ही दोघांनी एकमेकांना विचारला का? पत्रात तो कुठं दिसला नाही. याचं उत्तर आपल्या कोकणातल्या माणसाला पटकन कळेल. क्रॉझचे गवंडी प्रसिद्ध होते. पिढ्यान्‌पिढ्या तिथले पुरुष वसंतात गाव सोडून पॅरिसला बांधकामावर जायचे आणि थंडीत परत यायचे. 19व्या शतकात जे नवं पॅरिस उभं राहिलं, त्यात या गवंड्यांच्या हातांचा मोठा वाटा आहे. पुढं माणसं थंडीतही परत येईनाशी झाली. 19व्या शतकाच्या मध्याला या जिल्ह्याची लोकसंख्या पावणेतीन लाखांच्या वर होती, आज ती सव्वा लाखाच्या आत आहे. आपल्याकडे चाकरमानी मुंबईला गेले आणि घरांना कुलपं लागली, तसंच. फरक एवढाच, की चाकरमानी गणपतीला तरी येतो.

म्हणजे घर स्वस्त आहे ते विकणाऱ्याच्या भोळेपणामुळे नाही. ते सांभाळायला माणूस उरला नाही, म्हणून स्वस्त आहे. दवाखाना, दुकान, प्लंबर, शाळा, सगळं त्याच कारणानं विरळ झालं आहे. फ्रान्समध्ये अशा भागांना 'डॉक्टरांचं वाळवंट' म्हणतात. तुम्ही साठीला टेकलेली माणसं आहात. जवळचा डॉक्टर नवे रुग्ण घेतो का, हे छपराइतकंच आधी विचारायला हवं. लेकीचं म्हणाल तर ल्यों तिथून मोटारीनं साडेतीन-चार तासांवर आहे. पॅरिस ते जवळच्या लिमोज शहरापर्यंत आगगाडीलाच तीन तासांहून जास्त लागतात, आणि क्रॉझमधल्या खेड्यात पोचायला स्टेशनापासून पुढं मोटार लागतेच.

तुम्ही ते घर उन्हाळ्यात पाहिलंत. जुलैमध्ये तिकडे रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, दगडी भिंती आतून गार लागतात आणि मागच्या कुरणावर ऊन पसरलेलं असतं. जुलैत कुणीही तिथं राहायला तयार होईल. आमच्या खेड्यात ऐंशीच्या घरातल्या एक बाई अशाच मोठ्या घरात एकट्या राहायच्या. नोव्हेंबर ते मार्च त्या दोनच खोल्या वापरत, स्वयंपाकघर आणि त्याला लागून असलेली छोटी खोली. बाकीच्या खोल्यांच्या दारांखाली गोधडीसारख्या गुंडाळ्या लावून ठेवलेल्या असायच्या. वादळ होऊन गेलं की सकाळी त्या मान वर करून घराला एक फेरी घालत, आणि खाली पडलेल्या स्लेटच्या पाट्या उचलून टोपलीत ठेवत. एकदा मला म्हणाल्या, "माझं वय या पाट्यांवरून मोजायचं." त्या घरावर त्यांचं जिवापाड प्रेम होतं, आणि तेच त्यांचं पूर्ण वेळेचं काम होतं. अशा घरात माणूस नसला की ते थांबत नाही, खचायला लागतं. एक पाटी सरकते, पाणी वाशात जातं, वासा कुजतो. पुण्यात बसून ते तुम्हाला दिसणार नाही.

म्हणून शीर्षकातला प्रश्न. फेब्रुवारीत त्या घरात कोण राहणार?

यजमान म्हणतील, आम्ही. इथं कायदा आडवा येतो. फ्रान्समध्ये घर घेतल्यानं तिथं राहण्याचा हक्क मिळत नाही. भारतीय पासपोर्टवरच्या साध्या शेंगेन व्हिसावर कुठल्याही 180 दिवसांत 90 दिवसच राहता येतं. जास्त राहायचं तर 'व्हिझितर' म्हणजे पाहुणा या प्रकारचा दीर्घ मुदतीचा व्हिसा काढावा लागतो. त्यासाठी उत्पन्नाचा पुरावा द्यायचा, आणि तिथं काम-धंदा करणार नाही असं लिहून द्यायचं. मग पाच खोल्या पाहुण्यांना देण्याचा बेत त्यात बसत नाही, कारण तो धंदा आहे. खुद्द 'शांब्र दोत', म्हणजे न्याहारीसकट घरातल्या खोल्या देणं, फ्रान्समध्ये सोपं आहे: जास्तीत जास्त 5 खोल्या, एका वेळी 15 माणसं आणि गावच्या मेरीत, म्हणजे नगरपालिकेत, आधी नोंद. पण ते चालवायला उद्योग करण्याची मुभा देणारा वेगळा परवाना लागतो. आणि रोज सकाळी पाच खोल्यांच्या चादरी बदलून न्याहारी कोण करणार, हेही एकदा मोठ्यानं बोलून घ्या. पत्रात 'आपण' असा शब्द आहे. अशा 'आपण'चा अर्थ बहुतेक घरांत एकच व्यक्ती असते.

छपराबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण तुमच्यासारखीच चौकशी करणारी आणखी तीन पत्रं माझ्याकडे आली आहेत आणि सगळ्यांचा एकच समज आहे. समज असा, की फ्रान्समध्ये सगळे अहवाल विकणाराच देतो, म्हणून आपण निर्धास्त. अहवाल मिळतात हे खरं. 1949च्या आधीच्या घरात रंगातल्या शिशाचा अहवाल द्यावाच लागतो. ॲसबेस्टॉस, वीज आणि गॅसची जुनी जोडणी, ठरावीक भागांत वाळवी, आणि 'डीपीई' म्हणजे ऊर्जेच्या वापराची ए ते जी अशी श्रेणी, हे सगळं त्या फायलीत असतं. पण छप्पर, वासे, भिंती, पाया यांची तपासणी त्यात नसते. ती कुणी करत नाही. तुम्ही स्वतः जुन्या घरांचा जाणकार वास्तुतज्ज्ञ नेमून पैसे द्याल, तेव्हाच होते. आणि घर विकणारी व्यक्ती व्यावसायिक नसेल, तर लपलेल्या दोषांची जबाबदारी आपल्यावर नाही असं कलम करारात बहुधा असतंच. मोठ्या घराचं स्लेटचं छप्पर पूर्ण नव्यानं करायचं म्हटलं, तर खर्च सहज लाख युरोच्या पुढं जातो.

दुसरं, सांडपाणी. खेड्यातल्या घराला बहुधा गटाराची जोडणी नसते, स्वतःची टाकी असते. ती नियमात बसत नाही असा अहवाल असेल, तर खरेदीनंतर एका वर्षात ती नीट करून घेणं खरेदीदाराच्या गळ्यात पडतं. तिसरं, ओल. जुन्या दगडी भिंती चुन्यात बांधलेल्या असतात, त्या श्वास घेतात. मधल्या काळात कुणीतरी त्यावर सिमेंटचा गिलावा मारला असेल तर ओल आतच अडकते. यजमानांना हे पटकन कळेल. वाईकडच्या वाड्यांचंही सिमेंटनं असंच वाटोळं झालं आहे.

स्मारकांच्या यादीबद्दल एजंट अर्धं बोलला आहे. 1913च्या कायद्यानुसार अशा वास्तूंच्या दोन पायऱ्या आहेत, वरची 'क्लासे' आणि खालची 'अँस्क्री'. तुमचं घर कुठल्या पायरीवर आहे, आणि पूर्ण घर आहे की नुसता बुरूज किंवा एखादी भिंत, हे लेखी मागा. सरकारी अनुदान मिळू शकतं, पण तो हक्क नाही. अर्ज करायचा, वाट बघायची. करात सूट मिळते ती मुख्यतः फ्रान्समध्ये करपात्र उत्पन्न असलेल्यांना, आणि त्यासाठी घर 15 वर्षं ठेवण्याची हमी द्यावी लागते. तुमचं उत्पन्न भारतात, मग सूट कशातून वजा होणार? उलट खिडक्या, छप्पर, दरवाजे यांतलं काहीही बदलायचं तर परवानगी लागणार. मला हे नियम मनापासून आवडतात. ते नसते तर फ्रान्सची खेडी अशी दिसलीच नसती. पण त्यांची किंमत मालक देतो.

पैशाचा हिशेब भारतातूनही मांडा. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेत निवासी व्यक्तीला एका आर्थिक वर्षात 2,50,000 डॉलर बाहेर पाठवता येतात, आणि त्यात परदेशी घर बसतं. दोघांच्या मर्यादेत ही खरेदी होते. किमतीवर नोतेरचा, म्हणजे सरकारी अधिकार असलेल्या दस्तलेखकाचा, आणि नोंदणीचा खर्च साधारण 7 ते 8 टक्के धरा. म्हणजे एकूण सव्वातीन कोटींच्या आसपास. दर माणशी 10 लाखांच्या वर पाठवलेल्या रकमेवर बँक 20 टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. दोघांनी निम्मे निम्मे पाठवले तरी सुमारे 60 लाख अडकतात. बुडत नाहीत, विवरणपत्रात जमा धरले जातात, पण त्या दिवशी खात्यात असायला हवेत. पुढं छपरासाठी, बॉयलरसाठी, जमिनीवरच्या करासाठी दरवर्षी जे पाठवाल, तेही याच मर्यादेतून. आणि हे घर तुमच्या भारतातल्या विवरणपत्रात परदेशी मालमत्ता म्हणून दरवर्षी दाखवावं लागेल. ते चुकवलं तर दंड मोठा आहे.

फ्लॅट विकून हे करणार असाल, तर थांबा. पुण्यातलं राहतं घर मोडून हे घर घेऊ नका. एवढं एक मी सरळ सांगते.

आता मी सुरुवातीला ज्याकडे बोट दाखवलं, तिथं परत येते. ताई, यजमानांना ते घर कशासाठी हवंय? मुलंबाळं एका छपराखाली जमावीत म्हणून. आजोबांचा वाडा पाच भावांच्या वाटणीत गेला, ती सल आहे. मग फ्रान्सचा वारसा कायदा त्यांनी शांतपणे ऐकून घ्यावा. तिथल्या स्थावर मालमत्तेवर फ्रेंच कर लागतो. नवराबायकोत एकाच्या मागे दुसऱ्याला वारसा कर नाही, पण मुलांना प्रत्येकी 1,00,000 युरोच्या सवलतीच्या वर तो भरावा लागतो. भारतात असा कर नसल्यानं हे आपल्याला सुचतच नाही. फ्रेंच कायद्यात मुलांचा वाटा राखीव असतो. दोन मुलं असतील तर दोन तृतीयांश. मृत्युपत्रात भारताचा कायदा निवडता येतो, त्यात खाचाखोचा आहेत, नोतेरशी बोलूनच करा. पण खरी गोष्ट पुढं आहे. तुमच्या मागे ते घर मुलगी आणि मुलगा यांच्या सामाईक मालकीचं होईल. फ्रेंच दिवाणी संहितेचं 815वं कलम सांगतं, की सामाईक मालकीत राहण्याची सक्ती कुणावरही करता येत नाही. दोघांपैकी एकानं 'मला माझा वाटा द्या' म्हटलं की झालं. टोरंटोतल्या मुलाला त्या छपराचा निम्मा खर्च दरवर्षी पाठवायचा कंटाळा आला, तर त्याला मी दोष देणार नाही. वाईत पाच भाऊ होते, इथं दोनच आहेत, पण वाट तीच आहे.

मुलांना विचारलंय का? पत्रात त्यांची नोकरी आणि शहर आहे, मत नाही. सही करण्याआधी दोघांना एकाच कॉलवर घ्या आणि 'आवडेल का' असं विचारू नका. त्याला कुणीही हो म्हणतं. असं विचारा: वर्षातले किती दिवस याल, किती पैसे घालाल, आणि आमच्या नंतर ठेवाल की विकाल?

एवढं सगळं लिहूनही मी 'घेऊच नका' म्हणत नाही. काही जणांनी अशी घरं घेतली आणि तिथं सुखानं राहिले. ते तिथं कायमचे गेले, फ्रेंच शिकले आणि शिडीवर चढायला तयार होते. यजमानांना खरंच तेवढं हवंय का, हे पाहायला स्वस्त रस्ते आहेत. फ्रान्समध्ये 'रांपार' नावाची संस्था जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीची शिबिरं भरवते. आठवडा-दोन आठवडे स्वयंसेवक जमतात आणि चुन्याचा गारा, दगडी भिंती अशी कामं करतात. यजमानांना एका उन्हाळ्यात तिथं पाठवा. तिथून ते उजळून आले तर ओढ घडवण्याची आहे. कंबर धरून आले आणि तरी बोलताना थांबेनात, तर ती ओढ घडवलेलं पाहण्याची आहे, आणि त्यासाठी मालकी लागत नाही.

पोआतिएच्या उत्तरेला ला मोथ-शांदनिए नावाचा एक पडका शातो, म्हणजे गढीसारखा जुना वाडा, आहे. 1932च्या आगीत तो जळाला, मग झाडांनी वेढला. 2017मध्ये जगभरातल्या हजारो लोकांनी थोडे थोडे युरो घालून तो एकत्र विकत घेतला. तुमच्या यजमानांसारखी माणसं जगभर आहेत, आणि जुनं वाचवण्यात हात असावा म्हणून एकट्यानं चौदा खोल्या अंगावर घ्यायची गरज नाही, हे मी त्या भागात राहून शिकले.

आणि कुटुंब जमवायचंच असेल, तर तसंच घर दर उन्हाळ्यात दोन आठवडे भाड्यानं घ्या. फ्रान्सच्या खेड्यात दहा-बारा माणसांची जुनी घरं आठवड्याला दोन-चार हजार युरोत मिळतात. टोरंटोच्या नातवंडांना तोच बुरूज, तेच कुरण, आजोबांच्या तोंडून वाईच्या गोष्टी. एकट्या नव्या छपराच्या पैशात असे दहा-पंधरा उन्हाळे निघतील. तरीही मालकीचंच हवं असेल, तर लेकीला तिथंच राहायचं आहे का ते आधी पक्कं होऊ द्या. मग ल्योंपासून तासाभरावर, बाजारपेठेच्या गावात, पायी जाऊन पाव आणता येईल असं चार खोल्यांचं घर शोधा. त्याचं छप्पर तुम्हाला झेपेल.

महिनाअखेरच्या सहीबद्दल: सही करू नका. तो कागद म्हणजे 'कोंप्रोमी द व्हाँत', विक्रीचा प्राथमिक करार. सही केल्यावर खरेदीदाराला 10 दिवसांत विनाकारण माघार घेता येते. नंतर मागे फिरलात तर अनामत, म्हणजे किमतीच्या 5 ते 10 टक्के, जाते. पुढं कधी सही केलीच तर तुमचा स्वतःचा नोतेर घ्या. दोन नोतेर असले तरी ठरलेलं शुल्क त्यांच्यातच वाटलं जातं, तुम्हाला जास्त पडत नाही. भाषा येत नसेल तर दुभाष्या बसवा. एजंटला आज एवढंच लिहा: छपराचं शेवटचं काम कधी झालं आणि त्याचं बिल, मागच्या तीन हिवाळ्यांचा इंधनाचा खर्च, सांडपाण्याच्या टाकीचा अहवाल, स्मारक म्हणून नोंद झाल्याचा कागद. घर किती वर्षं विक्रीला आहे, तेही विचारा. बऱ्याचदा या एका उत्तरानं घाई ओसरते.

आणि फेब्रुवारीत तिकीट काढा. लेकीकडे चार दिवस, मग तिला घेऊन क्रॉझ. यजमानांना वाड्याचा एखादा फोटो सोबत घ्यायला सांगा. एजंटला म्हणावं, किल्ली द्या आणि तासभर बाहेर थांबा. त्या घराच्या स्वयंपाकघरात तिघं कोट न काढता बसा. यजमानांना वाड्याबद्दल बोलू द्या, मध्ये अडवू नका. मग त्यांनाच त्या चौदाही खोल्यांतून एकट्यानं एक फेरी मारून येऊ द्या.